मेंढपाळाच्या फोनवरून आलेली खबर

बऱ्याच तपासांचे तपशील आता एकमेकांत मिसळून जातात. पाटण तालुक्यातल्या वणव्याचा तपास मात्र मला अजून सलग आठवतो. नोकरीच्या अखेरच्या काही वर्षांतली ही हकीकत आहे. संबंधितांची नावे मी मुद्दाम देत नाही.

त्या आठवड्यात देशाच्या मोठ्या भागाला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. आमच्याकडे दुपारनंतर सोसाट्याचा वारा सुटेल, असा संदेश सगळ्यांच्या मोबाइलवर एकदमच वाजला होता. अशा दिवसांत डोंगरपट्ट्यातल्या पोलीस ठाण्याचे काम बदलते. रजा बंद होतात, गाड्यांत डिझेल भरून ठेवतात, वनखात्याशी सतत बोलणे चालू राहते.

दुपारी ११२ वर खबर आली की एका गावाच्या वरच्या वस्तीजवळ वणवा पेटला आहे आणि एक म्हातारी वर अडकली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा आग पठारावरून उतरू लागली होती. अग्निशमन बंब डांबरी रस्त्यापर्यंतच जातो. पुढची लढाई वनरक्षकांच्या पालापाचोळा उडवणाऱ्या ब्लोअरने आणि गावकऱ्यांच्या हातातल्या ओल्या फांद्यांनीच करावी लागते. आम्ही वस्तीतली माणसे आणि जनावरे हलवली. अंधार पडण्याआधी आग आटोक्यात आली. म्हातारीला एका माजी सैनिकाने पाठीवर घालून खाली आणले होते. तिचे पाय भाजले होते आणि धुराने बोलणे बंद झाले होते. तिला कराडला दवाखान्यात पाठवले. त्या सैनिकाचे दोन्ही हात पोळले होते. गाव त्याला ‘मेजर’ म्हणत असे. आमच्या जिल्ह्यात फौजेतून आलेल्या प्रत्येकालाच तसे म्हणतात. त्याने जबाबात सांगितले, की घरून धूर दिसला आणि तो वर धावला.

तेवढ्यात चार-पाच गावकरी एका मेंढपाळाला ओढत घेऊन आले. दुष्काळी माण भागातला हा माणूस दर वर्षी कळप घेऊन इकडे उतरायचा. गालावर बोटे उठलेली होती. त्याचा तळ आगीच्या तोंडाशीच होता, तेव्हा गवत यानेच पेटवले, असे त्यांचे म्हणणे. जमावापासून वाचवण्यासाठी तरी त्याला ठाण्यात आणणे भाग होते. कळपाची जबाबदारी त्याच्या बायकोवर पडली. रान जळून गेले होते आणि गाव तिला विहिरीवर फिरकू देत नव्हते.

मला ते पटत नव्हते. डोंगर जाळला की पावसाळ्यात गवत जोमाने येते, हा समज त्या डोंगराशी बांधलेल्या गुरेवाल्यांचा. मेंढपाळाला आजचे वाळलेले गवत हवे असते. पावसाळ्यात तो तिथे नसतोच. पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

सकाळी नियंत्रण कक्षाकडून कळले की ती खबर मेंढपाळाच्याच मोबाइलवरून आली होती. हवालदार खूश झाला. त्याच्या मते, पेटवले यानेच आणि अंगावर येऊ नये म्हणून कळवलेही यानेच. मी मेंढपाळाला समोर बसवले.

“फोन माझा हाय सायेब. बोललो मी न्हाई. एक जण वरनं पळत आला, त्यानं मागितला.”

तो कोण, हे त्याला ठाऊक होते, पण नाव घेईना. हवालदाराने दम दिला की तू आत राहशील आणि तिकडे मेंढरे लांडगे खातील. मेंढपाळाने नकारार्थी मान हलवली.

“त्यो फोन करून खाली पळाला न्हाई. परत आगीत शिरला. आसल्या माणसाचं नाव माज्या तोंडनं निघायचं न्हाई.”

त्या दिवशी आगीत शिरून म्हातारीला आणणारा माणूस एकच होता, मेजर. त्याने जबाबात फोनचा उल्लेख केला नव्हता. मदत मागणे हा गुन्हा नाही. मग ते लपवायचे कशाला?

मी फोनचे ध्वनिमुद्रण मागवले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला, आणि त्याचे श्रेय कोरेगावजवळच्या आमच्या शाळेतल्या गुरुजींना. ते प्रत्येक उतारा दोनदा वाचायला लावत. पहिल्यांदा काय घडले ते बघायचे, दुसऱ्यांदा कोण बोलतो आहे ते. त्या सवयीने मी ते संभाषण पुन्हा ऐकले. “म्हातारी वर हाय. खालच्या वाटंनं गाडी घालू नका, आग तिकडंच उतरणार. लवकर या, आता मला आवरंना.” पुढे नाव विचारताच फोन बंद झाला होता. लांबून धूर पाहणारा माणूस ‘आग लागलीय’ एवढेच सांगतो. ‘मला आवरंना’ हे ज्याच्या हातात ती आग होती, तो म्हणतो.

दुपारी गावच्या देवळासमोर मी ते सर्वांना ऐकवले. आवाज कोणाचा, असे विचारले. सरपंच म्हणाले, वाऱ्यामुळे नीट कळत नाही. एक म्हातारबा म्हणाले, “आवं सायेब, फोनात समद्यांचाच आवाज बायकोला भ्याल्यावानी येतो.” थोडा हशा पिकला आणि विरला. कोणी कळसाकडे पाहत होते, कोणी स्वतःच्या चपलांकडे. पायरीवर हातांना पट्ट्या बांधून मेजर बसला होता. सकाळपर्यंत गाव त्याच्या सत्काराचे बोलत होते आणि आता एकही नजर तिकडे जात नव्हती. गावाने आवाज ओळखला होता.

मी मेजरला काहीच विचारले नाही. फक्त सर्वांना सांगितले, की फोन मेंढपाळाचा आहे, आज त्याला न्यायालयासमोर उभे करणार, आणि बोलणारा कोण हे माहीत असूनही तो नाव घेत नाही.

मेजर उठला. “त्यानं माझं नाव न्हाई घेतलं?”

मग त्याने सगळे सांगितले. वाऱ्याचा संदेश वाचून त्याला वस्तीची काळजी वाटली. वनखाते थंडीच्या दिवसांत गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवते, म्हणजे वणवा तो ओलांडत नाही. त्याला जाळरेषा म्हणतात. ती काढायला गारवा लागतो आणि हाताशी माणसे लागतात. हा भर उन्हात एकटाच गेला. वारा संदेशातल्या वेळेआधी सुटला. आग झोडपताना त्याचा फोन कुठेतरी पडला, आणि तेवढ्यात त्याला गवत कापणारी म्हातारी दिसली. गुन्हा नोंदवला जाईल या भीतीने त्याने मेंढपाळाला खरे सांगितले नाही आणि फोनवर नावही दिले नाही. संध्याकाळी लोक पाठ थोपटू लागले, तेव्हा त्याचे तोंड उघडेना.

त्याच्यावर वन कायद्याखाली आणि निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याबद्दल गुन्हा दाखल केला. म्हातारीला त्याने वाचवले आणि खबरही त्यानेच दिली, हे कागदावर आणले. पुढचा निर्णय न्यायालयाचा.

मेंढपाळाला सोडले तेव्हा मेजर ठाण्याच्या बाकावर बसला होता. मेंढपाळ जाता जाता त्याच्यापुढे थांबला.

“फोन मागितलास तवाच सांगायचं हुतंस की गड्या. मी बी आलो आसतो वर.”

मेंढपाळ कळपाकडे निघून गेला.

त्यानंतर उन्हाळ्याच्या प्रत्येक गावबैठकीत मी हा प्रसंग सांगत आलो. आग हाताबाहेर गेली तर गुन्हा होणार नाही, असे खोटे आश्वासन मी कधी दिले नाही. पण हाताच्या अंतरावर मदतीला तयार असलेला माणूस उभा होता आणि पोलिसांच्या भीतीने त्याच्याकडे फक्त फोन मागितला गेला, हे मी पोलीस म्हणून विसरू शकत नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच असायचे, की शेजारी जो असेल त्याला आधी हाक मारा. कबुली आग विझल्यावरही देता येते.