विडा लावणारे हात

बाजारात ओल्या विड्याच्या पानांचा वास आला की मला ती नर्स आठवते. राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या मामांना जेवणानंतरचा विडा तीस वर्षं माझ्याच हातचा लागे, चिमूटभर तंबाखू घातलेला. तोंडाच्या कॅन्सरने त्यांचा जबडा आखडला, तेव्हा वेदनेचं औषधही मीच देत होते. पण सवय लागेल या भीतीने, ते कण्हू लागल्यावरच. मग जवळच्या ओरत्तनाडू गावाहून ही नर्स घरी येऊ लागली. “दुखायची वाट कशाला बघता, अक्का? घड्याळ बघून द्यायचं,” असं मला सुनावून तिने आजोबांना हाक मारावी तसं “ताता, थोडंसं आ” म्हणत त्यांच्या गालाच्या कडेने थेंब सोडले. तिसऱ्या दिवशी मामा दुपारभर शांत झोपले. ते उठल्यावर मी औषध पुढे केलं, तर त्यांनी ओठ मिटले आणि दाराकडे बोट दाखवलं. तिची वाट बघत होते! माझा नुसता जळफळाट झाला. कालची आलेली पोरगी, आणि मामा तिचे? तणतणत मी हात धुवायला गेले. विडे थांबून सहा महिने झाले होते, तरी साबण दोनदा लावूनही बोटांना तंबाखूचा वास येतच राहिला. तिच्या बोटांना तो नव्हता. त्याचा हेवा मला आजही वाटतो.