पप्पांनी तक्रार सोडली

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी पप्पांसाठी वरण गाळत होते. इंदूरच्या हॉस्पिटलात रात्रभर थांबलेला माझा नवरा एवढंच म्हणाला, "सुनीता, डबा नको आणूस आता." मला समजलं. तरी मी उरलेलं वरण गाळलं, गॅस बंद केला आणि मग खाली बसले. हातातलं काम अर्धं टाकायची मला सवय नाही.

पप्पा म्हणजे माझे सासरे. नगरकडचे, रेल्वेच्या नोकरीने उज्जैनला आले, पार्सल ऑफिसात जन्म काढला आणि इथलेच झाले. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, आणि तक्रार दोन्ही भाषांत. माणूस गेल्यावर त्याला संत करायची आपल्याला घाई असते, म्हणून आधीच सांगते, पप्पा कुरकुरे होते. चहा थंडा, पेपर उशिरा, ई-रिक्षावाले सिरफिरे, भैरवगढहून हौसेने आणलेली छापाची चादर पहिल्याच धुण्यात फिकी. यात्रेकरूंच्या गर्दीमुळे रस्ते बंद झाले की चर्चला लांबून जावं लागे, आणि पहिलं गीत सुरू होईपर्यंत त्यांचं पुटपुटणं चालू असे. पण सगळ्यात जुनी तक्रार माझ्या वरणाची. त्यांना वरण घट्ट लागायचं, चमचा उभा राहील असं. माझ्या माहेरी पातळ करत. "सुनीता, हे वरण आहे का शिप्रेचं पाणी? राम घाटावर कशाला जायचं, इथंच डुबकी मारतो!" मी म्हणायची, "मारा, पण आधी भात संपवा." लग्न होऊन आल्यापासून हे असंच. त्यांनी बोलणं सोडलं नाही, मी पाणी घालणं सोडलं नाही.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, की आमच्या मंडळीत कोणी मटण सोडतं, कोणी चहा. पप्पा दरवर्षी मटण सोडायचे आणि मटण नाही म्हणून रोज तक्रार करायचे. यंदा मात्र राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, उपासनेहून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "या वेळी मी तक्रार सोडतोय. तोंडात तक्रार आली की तिच्या जागी उपकार मानणार."

प्रकाश हसला. "पप्पा, झेपेल असं काही तरी सोडा. मटण काय वाईट आहे?"

"मटण सोडून तोंड तसंच चालू राहिलं, तर कसला उपवास? फार कटकट केली रे जन्मभर. एवढं पार्सल घेऊन वर गेलो, तर उतरवून कोण घेणार?"

पहिले काही दिवस बघण्यासारखे होते. चहाचा घोट घ्यायचे, जबडा आवळायचे, नाकाने मोठा श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "चहा मिळाला, उपकार." चहा थंड झालाय हे त्यावरून मला बरोबर कळायचं. मग हळूहळू ते उपकार खरे होत गेले. जेवणाआधीच्या प्रार्थनेत भर उन्हात खांबावर चढलेला वायरमन आला, चर्चपर्यंत सोडून पैसे न घेतलेला ई-रिक्षावाला नावासकट आला. एकदा मी पोळ्या लाटत असताना म्हणाले, "तू पण बस ना आता, गरम खा." या घरात हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ईस्टर झाला, मटण शिजलं, तक्रार काही परत आली नाही.

आणि मे महिन्यात एका दुपारी वाटी संपवून म्हणाले, "आज वरण छान पातळ झालंय. उपकार."

मी आत जाऊन प्रकाशला म्हटलं, "ऐकलंस? जिंकले मी शेवटी!" आम्ही दोघं हसलो...

पुढे पोह्यांवरची शेव ते बाजूला काढू लागले. बाफला, म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, दाळीत पार कुस्करून घ्यायचे. जेवायला वेळ लावायचे आणि म्हणायचे, "आता कसं निवांत जेवता येतं." जे जे बदललं ते आम्ही त्यांच्या व्रताच्या खात्यावर टाकत गेलो. वाळून कॉलरच्या आत मान हलायला लागली तेव्हा मात्र मी त्यांना न विचारता डॉक्टरांकडे नेलं. अन्ननलिकेत गाठ होती.

"अन्न अडकतंय हे पहले क्यों नहीं बताया, अंकल?" डॉक्टरांनी विचारलं. तेही आमच्यासारखेच, अर्धे मराठी, अर्धे हिंदी.

"शिकायत छोड़ रखी थी, डॉक्टर साहब."

परतताना रिक्षात मी त्यांच्यावर चिडले. "पप्पा, दुखतंय हे सांगणं म्हणजे तक्रार असते का?"

रिक्षा घरापाशी थांबली, ते उतरले. दारात म्हणाले, "मला वाटलं, असते. आजवर सगळं तक्रार म्हणूनच बोललो ना, कुठली खरी नि कुठली खोटी, मला तरी कुठे कळत होतं?"

"मग आता सोडा ते व्रत. ओरडा, भांडा."

"ओरडेन. पण उपकार नाही सोडणार, बाळा. त्यामुळेच तर तुम्ही सगळे मला दिसलात."

तेव्हापासून त्यांची प्रार्थना बदलली. आधी दुखणं, मग उपकार. "देवा, घशाखाली आग होतेय. दोन घोट उतरले, त्याबद्दल उपकार." हॉस्पिटलातही तसंच. सिस्टर सुई लावून गेली की, "देवा, फार टोचलं. पोरगी हळू बोलली, त्याबद्दल उपकार." पलीकडच्या खाटेवरचा माणूस हसायचा, आणि नंतर तोही आमेन म्हणायला लागला.

लवकर कळलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ठाम उत्तर दिलं नाही, मी पुन्हा विचारलं नाही. पण भांडी घासताना तो प्रश्न येतोच. त्यांचं ते व्रत चुकलं असं मला म्हणवत नाही, कारण त्या महिन्यांतले पप्पा मला आधी कधी भेटलेच नव्हते. आणि ते चुकलं नाही असंही म्हणवत नाही. त्यांना कुरकुर आणि वेदना यांतला फरक कळला नाही आणि इतकी वर्षं ऐकून आमचेही कान बसले होते... त्यांनी एकदा तरी पूर्वीसारखं टेबलावर वाटी आपटायला हवी होती.

परवा रविवारी मी वरण घट्ट केलं. पाणी मोजूनच घातलं, चमचा उभा राहतो का ते बघितलं. राहिला. पप्पा नीट गिळत होते तेव्हा मी एकदाही असं केलं नाही. पानं वाढली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, कारण प्रार्थना नेहमी तेच करायचे. शेवटी प्रकाशने डोळे मिटले. हात जोडले. मग म्हणाला, "देवा, पप्पा नाहीत, फार दुखतंय."

मी वाट बघितली. त्याला पुढे येईना. म्हणून मीच म्हटलं, "वरण घट्ट झालंय, त्याबद्दल उपकार. आमेन."

आणि जेवायला घेतलं.