नळीचे दुसरे टोक

पुस्तकबांधणी करणाऱ्या त्या गृहस्थांना सारी गल्ली ‘चुळबुळे’ म्हणे, आणि ते निमूट ओ देत. खळ वाळण्याआधीच दाब सैल करून आत डोकावणारा दुसरा बांधणीकार माझ्या पाहण्यात नाही. शेजारी त्यांची पत्नी फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवत असे. टाका कसा, आखून घेतल्यासारखा.

दर रविवारी सायंकाळी सभागृहात लोकनृत्य करणाऱ्यांचे कडे फेर धरी. पत्नीचा धाकटा भाऊ व्हायोलिन वाजवी, एक ढोलवाला असे, आणि चुळबुळे अकॉर्डियन वाजवीत. खांदा निकामी झाल्यावर त्यांनी मेलोडिका जवळ केली: मांडीवर मावेल एवढी पट्ट्यांची पेटी, आणि फुंकण्याची लांब नळी. अकॉर्डियनला स्वतःचा भाता असतो. येथे वादकाची छाती हाच भाता. गेल्या आजारपणाने नेमका तोच निम्मा केला. चुळबुळे धुनेच्या ओळीच्या मध्येच श्वास घेऊ लागले. ओळ संपली असे समजून अर्धे कडे वळे, अर्धे पुढे जाई. श्वास पुरणार नाही या धास्तीने ते आणखीच घाई करीत.

मंगळवारी मेहुणा दुकानात आला.

“दाजी, परवा माणसं नाचत होती की दार सापडेना म्हणून धडपडत होती?”

“तो ढोलवाला मागे पडतो.”

“तो जागेवरच असतो. तुम्ही गाडी सुटल्यासारखे पळता. या रविवारी पुन्हा असं झालं तर मी दुसरा माणूस बघतो. ताई, तू तरी सांग यांना.”

ताईंनी दोरा दातांनी तोडला. “माझ्या सांगण्यानं यांनी कधी खळ वाळू दिलीय?”

चाळीस वर्षांची ती जागा जाणार, या विचाराने चुळबुळ्यांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. जिन्यात, खिडकीत, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ते तीच ओळ वाजवीत. बोटे पुढे धावत, छाती मागे राही. तीन पुस्तकांचे पुठ्ठे वाकडे चिकटले. शुक्रवारी ओळीच्या मध्यावरच खोकल्याची उबळ आली आणि नळी निसटली. पत्नीने ती उचलली, पदराने पुसली आणि स्वतः फुंकली. चुळबुळ्यांची बोटे पट्ट्यांवर होतीच. ओळ अखंड, शेवटपर्यंत वाजली.

रविवारी व्यासपीठावर नवरा-बायकोसाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि मध्ये ती नळी.

“नळी लावलीय म्हणजे पेशंट गंभीर दिसतोय, वहिनी!” ढोलवाला म्हणाला.

पहिले नृत्य निर्विघ्न पार पडले. दुसऱ्यात चुळबुळ्यांचा पाय ढोलाच्या पुढे ठेका धरू लागला, बोटेही पळत सुटली; आणि एकाएकी पट्ट्या मुक्या झाल्या. ढोल आणि व्हायोलिन चालूच होते.

“फुंक ना गं!” ते पुटपुटले.

“आधी तो पाय थांबवा. ढोल ऐका.”

पाय थांबला. दोन ठोके गेले, मग श्वास आला. त्या संध्याकाळी हे चार वेळा घडले. कडे मात्र एकदाही तुटले नाही.

मेहुण्याने व्हायोलिन पेटीत ठेवले. “दाजी, पुढच्या रविवारीही दोनच खुर्च्या मांडायला सांगतो.”

चुळबुळ्यांनी होकारार्थी मान हलवली. पत्नी नळी पुसून गुंडाळीत होती. आणि त्यांची बोटे त्या निःशब्द पट्ट्यांवर अजून धावतच होती.