वजनकाट्याची आकृती

कंपनी पुण्याला गेली आणि वृषाली साळवे नगरातच राहिली.

कंपनी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. सावेडीत औषधाच्या दुकानाच्या माडीवर तीन खोल्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं, आणि यज्ञेश्वर हा त्यांचा मालक. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढली की तिचं वजन थेट संगणकात उतरावं, असा प्रोग्रॅम ते बनवायचे. नगर जिल्ह्यात कारखान्यांना काय तोटा! गिऱ्हाइकं होती, पण शिकलेली पोरं नगरात टिकत नव्हती. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत यज्ञेश्वरनं बिऱ्हाड उचललं. सगळे गेले. वृषालीची आई सुमनबाई मात्र अंथरुणाला खिळलेली होती, तिला हलवणं शक्य नव्हतं.

"तू इथंच बस," यज्ञेश्वर म्हणाला. "मॅन्युअलचं काम काय, कुठूनही होतं. एक खोली ठेवतो, फोन ठेवतो. आईकडं बघ."

त्यानं ते भल्या मनानंच म्हटलं होतं. डिसेंबरात सुमनबाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीला यज्ञेश्वर आला, कंपनीतला प्रोग्रॅमर प्रशांत आला, दोघं मांडवात जेवले, जाताना "काही लागलं तर कळव" म्हणाले. नगरात राहायचं कारण आता उरलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि आईची राख निवली नाही तोवर "मला पुण्याला घ्या" म्हणायला वृषालीची जीभ उचलेना. पुढं दिवस जात राहिले तसं ते म्हणणं आणखीच अवघड होत गेलं.

ती मूळची मिरजगावची. वडील रंभाजी रस्त्याच्या कामावर मुकादम होते. पोरीचं अक्षर नि रेघ पाहून त्यांनीच तिला नगरच्या आयटीआयत ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिनं कितीतरी वर्षं ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनानं यंत्रांची चित्रं गिरवली. मग संगणक आले, ट्रेसिंगची टेबलं हलली आणि ती यज्ञेश्वरकडं आली. आता चौतिशी गाठली होती. लग्नाचं नाव आधी वडिलांच्या आजारपणात मागं पडलं, मग आईच्या.

प्रोग्रॅम कसा चालवायचा याचं मराठी मॅन्युअल लिहिणं आणि त्यातल्या आकृत्या काढणं हे तिचं काम. कामाची तिला सवय होती, शांततेची नव्हती. पूर्वी त्या खोल्यांत कोणी ना कोणी ओरडत असायचं. आता संगणकाच्या पंख्याची घरघर आणि खालच्या दुकानाचं शटर, एवढाच आवाज. कधीकधी दिवसातला तिचा पहिला शब्द फुटायचा तो चहावाल्याला "एकच" म्हणताना.

फेब्रुवारीत, गळीत ऐन भरात असताना, सकाळी फोन वाजला.

"कंपनी का? मी भिमाजी बोलतोय, काट्यावरनं." त्यानं पुणतांब्याकडच्या एका कारखान्याचं नाव सांगितलं. "ताई, हितं पार घोटाळा झालाय. वजन काट्यावर दिसतंय, पन कंप्युटरात काय येत न्हाई. वायर उंदरानं खाल्ली म्हनून नवी जोडली, तुमच्या पुस्तकात बघून बघून जोडली. गाड्यांची रांग पार रस्त्याला लागलीय!"

"आकृती समोर आहे ना? दोन नंबरची तार तीनला जाते. तीनची दोनला."

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला.

"तेच तर इचारतोय. हे दोन हाय का तीन हाय? सगळं गिचमिड झालंय. मला तर दोन्ही दोनच दिसत्यात."

वृषालीनं त्याला फोनवरच डावीकडून एकेक तार मोजायला लावली. थोड्या वेळानं मागून कोणीतरी "आलं, आलं!" असं ओरडलं आणि भिमाजीनं फोन ठेवला. तोवर त्या दिवशीची कितीतरी वजनं हातानं लिहिली गेली होती. कारखान्यातून यज्ञेश्वरला कडक शब्दांत फोन गेला, तो वेगळाच.

वृषालीनं मॅन्युअल प्रिंटरवर काढून पाहिलं. भिमाजीचं काही चुकलं नव्हतं. आकृतीतल्या रेषांना पायऱ्या पडल्या होत्या आणि मराठी दोन नि तीन एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसत होते. तिनं मूळ चित्र उघडलं. तिथं दोन हा दोन होता आणि तीनची दोन्ही पोटं लख्ख दिसत होती. एमआयडीसीत अशी ट्रेसिंग कोणी दिली असती, तर साहेबानं ती तोंडावर फेकली असती. हे वाटेत कुठं बिघडलं?

त्याच वर्षी कंपनीनं पुस्तकं छापणं बंद केलं होतं. दर हंगामात प्रोग्रॅम बदलायचा आणि छापलेलं पुस्तक शिळं व्हायचं. म्हणून मॅन्युअलची पीडीएफ करून सीडीवर द्यायची आणि ज्याला हवं त्यानं कारखान्यातच छापून घ्यायचं, असं ठरलं. मजकूर आणि आकृत्या जुळवून पीडीएफ बनवायची व्यवस्था प्रशांतनं बसवली होती. वृषालीनं त्याला फोन लावला.

"अगं, तुझी चित्रं व्हेक्टर असतात," प्रशांत म्हणाला. "म्हणजे इथून तिथं रेघ ओढ, इथं वर्तुळ काढ, अशा नुसत्या सूचना. पीडीएफमध्ये त्या तशाच ठेवल्या की रेघा सुंदर येतात, पण मराठी अक्षरांचं वाटोळं होतं. चित्राबरोबर आपला फॉन्ट जातच नाही. 'वजनकाटा'च्या जागी इंग्रजी अक्षरं नि टिंबं येतात. म्हणून मी प्रत्येक चित्राचा आधी फोटो करतो, ठिपक्याठिपक्यांचा. तो आत घालतो."

"म्हणून पायऱ्या पडतात."

"ठिपके वाढव. बारीक कर."

तिनं ठिपके वाढवले. आकृत्या सुधारल्या, पण पीडीएफ एवढी फुगली की कारखान्यातल्या जुन्या संगणकांवर ती उघडेपर्यंत माणूस जेवून यावा. त्यातही मोठी करून पाहिली की पायऱ्या होत्याच. पुन्हा फोन. प्रशांतनं फॉन्ट आत बांधायचा एक मार्ग सुचवला. तो दोघांनी आठवडाभर धरून पाहिला. जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या. मग प्रशांतनंच हात टेकले.

एका दुपारी वीज गेली. संगणक बंद, पंखा बंद. वृषाली खिडकीत बसून रिकाम्या खोलीकडं पाहत होती. वेळ जाईना म्हणून तिनं कपाटातला जुना ट्रेसिंग पेन काढला आणि कागदावर उगाच 'वजनकाटा' लिहायला लागली. ट्रेसिंगच्या काळात अक्षरंही रेघांसारखीच गिरवायची असत, आधी बाहेरची कड, मग आत शाई. व, ज, न... आणि तिचा हात थांबला. अक्षर हे अक्षरच राहिलं पाहिजे असा हट्ट कशाला? संगणकाला त्याची नुसती कड दिली तर? मग फॉन्ट असो वा नसो, त्याला कोण विचारतं!

वीज आल्या आल्या तिनं वजनकाट्याची आकृती उघडली, सगळी अक्षरं निवडली आणि त्यांच्या बाह्यरेषा करून टाकल्या. आता ती अक्षरं नव्हतीच, अक्षरांच्या आकाराच्या रेघा होत्या. त्या तशाच पीडीएफमध्ये घातल्या. पडद्यावर चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. एकटा तीनचा आकडा पडदाभर झाला, तरी त्याची कड गुळगुळीत. फाईलही हलकी.

तिला कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. खोलीत कोणी नव्हतं. तिनं फोन उचलला.

"प्रशांत, जमलं!"

"काय सांगतेस? पाठव, पाठव!" तो ओरडला, आणि मागून कोणीतरी विचारलं, "काय झालं रे?" "अरे, वृषालीनं चित्रांचं कोडं सोडवलं," तो सांगत होता. पलीकडच्या खोलीतला तो गलबला ती कान देऊन ऐकत राहिली.

पण एवढ्यानं भागलं नाही. रेघा झालेल्या अक्षरांत शुद्धलेखनाची चूक सापडली तर ती दुरुस्त कशी करणार? यावर प्रशांतनं तोडगा काढला. मूळ चित्राला हात लावायचा नाही, ते अक्षरांसकट वेगळं ठेवायचं, आणि मॅन्युअल बांधताना दरवेळी त्यावरून रेघांची प्रत नव्यानं करायची. त्यासाठी त्यानं हुकमांची एक छोटी फाईल लिहून फ्लॉपीवर पाठवली. जे चित्र बदललं असेल तेवढंच ती पुन्हा रूपांतरित करायची, बाकीची जशीच्या तशी घ्यायची. पूर्वी सगळी चित्रं नव्यानं करण्यात दुपार जायची आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आता चहा होईतो काम आटपायला लागलं.

मग दुसरं निघालं. काही चित्रांच्या बारीक रेघा पडद्यावर दिसत, कागदावर गायब होत. त्यांना जाडीच दिलेली नव्हती. वृषालीनं ट्रेसिंगच्या पेनांचा हिशेब लावला: बाहेरची कड जाड, आतल्या तारा मध्यम, बाण बारीक. प्रत्येक आकृतीला पुन्हा हात फिरवला. प्रत्येक चित्राभोवती आख्ख्या पानाचा कोरा भाग येत होता, तोही छाटायची सोय प्रशांतनं केली. मार्च गेला, एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापलं. रोज दुपारी दोघांचा फोन असायचा. फोन झाला की ती जेवायला बसायची, आणि ते महिने डबा तिला गोड लागायचा.

पावसाळा संपता संपता नवी सीडी सगळ्या कारखान्यांना गेली. यज्ञेश्वरनं फोन करून शाबासकी दिली. प्रशांत दुसऱ्या कामाला लागला. नोव्हेंबरात गळीत सुरू झालं आणि वृषाली फोनजवळ बसून राहिली.

फोन आलाच नाही. गेल्या हंगामात तो अधूनमधून ठणाणा वाजायचा: ही खूण कसली, ही तार कुठली, हा बाण कुठं दाखवतोय. माणसं वैतागायची, चिडायची, पण बोलायची. आता ज्याला त्याला आकृतीतच सगळं दिसत होतं. गिचमिड आकृती होती तोवर तिच्याकडं माणसांचं काम होतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचंच हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही.

शेवटी एका रविवारी ती तारकपूरच्या स्टँडवर गेली आणि कोपरगावची एसटी धरून उतरत-बदलत भिमाजीचा कारखाना गाठला. कारण काय सांगायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं: सीडी नीट चालते का ते बघायला आले.

काट्याची केबिन पत्र्याची होती. बाहेर बैलगाड्या, ट्रॅक्टर, धूळ. भिमाजी पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. नाव सांगताच तो उठून उभा राहिला.

"तुमी व्हय त्या फोनवाल्या ताई? बसा, बसा. आवो, आता काय तरास न्हाई! हे बघा." त्यानं भिंतीकडं बोट केलं. वजनकाट्याची आकृती मोठी करून छापून, गव्हाच्या खळीनं पत्र्याला चिकटवलेली होती. "लांबनं सुदिक वाचता येतंय. चष्म्याबिगर. कुनी काढली वो?"

"मीच काढली."

"हातानं?"

"अगोदर हातानं काढायचे. आता संगणकावर."

"लई बेस," तो म्हणाला आणि खिडकीतून गाडीवाल्याला पुढं घ्यायला ओरडला. गाडी चढली, आकडा संगणकात उतरला, गाडी गेली. दुसरी आली. तिच्या हाती चहा देऊन मधल्या फटीत तो बोलत होता. त्याच्या बायकोचं, लंकाबाईचं, गुडघ्याचं दुखणं सांगून झालं, यंदाच्या उसाचं झालं. मग सहज विचारलं, "आन तुमच्या घरी कोन कोन असतं, ताई?"

"मी," वृषाली म्हणाली.

भिमाजी पुढची नावं ऐकायला थांबला. ती आली नाहीत तेव्हा तो गडबडला. टेबलावरची किटली त्यानं उगाच हलवून पाहिली.

"मंग अजून अर्धा चहा घ्या," तो म्हणाला. "घ्या. एष्टीला टाइम हाय अजून."

तिनं घेतला. परतीच्या एसटीत खिडकीच्या गजाला डोकं टेकवून ती नगरपर्यंत जागीच होती. आपण एका शब्दात उत्तर दिलं, आणि ते खरं होतं, आणि एवढ्या दिवसांत ते कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं यज्ञेश्वरला फोन केला.

"मला पुण्याला यायचंय."

"अगं, मग ये की!" तो चकित झाला. "आम्हाला वाटलं तुला नगरच आवडतं. आई गेल्यावर तू काही बोलली नाहीस..."

"तुम्हीही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," तो हळूच म्हणाला. "राहूनच गेलं."

डिसेंबरात तिनं सावेडीची खोली सोडली. पुण्याच्या ऑफिसात तिचं टेबल खिडकीकडं लागलं. प्रशांत समोरच्या रांगेत होता, पण त्याच्या भोवती नवी पोरं असत आणि फोनवर जसं बोलणं व्हायचं तसं समोरासमोर जमेना. सलग दुपारभर कोणी तिच्याशी बोललं नाही, असे दिवस इथंही येत. मात्र राहायला खोली तिला संगमनेरच्या मनवाबरोबर मिळाली होती. ही मनवा बँकेत नुकतीच लागलेली, सकाळी उठल्यापासून रेडिओ मोठ्यानं लावणारी, कपडे धुताना त्याच्याहून मोठ्यानं गाणारी. पहिल्या रविवारी तिनं न्हाणीतूनच विचारलं, "ताई, आवाज कमी करू का? त्रास होतो का?"

"नको," वृषाली म्हणाली. "असू दे."

आणि गॅसवर चहाचं आधण ठेवताना तिनं दोन कप पाणी मोजलं.