चुकलं की पहिल्यापासून

विषय धर्मग्रंथांचा आणि तिसऱ्याच तासाला वर्गात रक्त. दुबईतल्या आमच्या शाळेत, अकरावीत. एका मुलीने शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळात स्टीलची पाण्याची बाटली हाणली. भरलेली. भुवई फाटली, दोन टाके पडले. इतकं झटकन झालं की तो आधी ओरडलाच नाही, रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा बोंबलला. मुलगी बाटली हातात घट्ट धरून उभी. मला म्हणते, "ही आस्क्ड फॉर इट, मॅम."

झालं होतं एवढंच की मी वर्गाला विचारलं, समोर आपलेच काका-मामा-भाऊ उभे असताना त्याने धनुष्य खाली ठेवलं, ते बरोबर की चूक? मुलगा हसून म्हणाला, "मॅम, ही वॉज जस्ट स्केअर्ड. फट्टू." आणि हिची बाटली आली.

आमच्याकडे मुसलमान मुलांना त्यांच्या धर्माचा तास सक्तीचा असतो. त्याच वेळात बाकीच्या मुलांसाठी त्या वर्षी शाळेने रीतसर मंजुऱ्या घेऊन एक ऐच्छिक विषय काढला, धर्मग्रंथ-परिचय. पन्नास मार्क, दोन शिक्षक. वसईचे एक कॅथलिक सर होते, एरवी इंग्रजी शिकवणारे, त्यांच्याकडे त्यांचा ग्रंथ. आणि मी संस्कृतची, माझ्याकडे आपले अठरा अध्याय. सरांनी सुरुवात केली भावाने भावाला मारलं तिथून, मी केली रणांगणापासून. स्टाफरूममध्ये ते म्हणाले होते, "बाय, तुझ्याकडे पण मारामारी, माझ्याकडे पण मारामारी. पोरं झोपायची नाहीत." आम्ही खूप हसलो होतो.

खरं सांगू? त्या मुलीने बाटली मारली तेव्हा मी तिला फरफटत ऑफिसात नेलं, वाट्टेल तसं बोलले, पण आतून मला ती आवडली. मी स्वतः तापट. आमच्या अख्ख्या घराण्याच्या नाकावर राग. म्हटलं, पोरीत धग आहे, नुसती वळण लावायची खोटी.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. तोंडओळख होती, कारण अल नहदातल्या आमच्याच टॉवरमध्ये ते दोन मजले वर राहायचे. पुण्याचे, दुबईच्याच देरा भागात एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स मॅनेजर. बोलणं इतकं मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. दर शनिवारी त्यांच्या घरी सामुदायिक पठण असायचं, लिफ्टमध्ये भेटले की आग्रहाने बोलवायचे. त्या दिवशी माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "मॅडम, कार्टीने मान खाली घालायला लावली. तुम्ही सांगाल ते करतो. फक्त हा विषय काढून घेऊ नका तिचा."

मग मी बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! म्हटलं, "अहो, पाठांतर हा एकच उपाय. माझे वडील सांगलीला शिक्षक होते. रोज पहाटे मला समोर बसवायचे. एक शब्द चुकला की बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी, आणि चुकलं की पहिल्यापासून! बहात्तर श्लोकांचा दुसरा अध्याय, सत्तराव्याला चुकले तरी परत पहिल्यापासून. पेरं सुजायची, पेन धरता यायचं नाही. पण आठव्या वर्षी स्पर्धेत पहिली आले. आजसुद्धा झोपेत विचारा, चुकणार नाही. त्या पट्टीमुळे मी आज तुमच्यासमोर उभी आहे."

किती अभिमानाने सांगितलं मी! आणि सांगून थांबले नाही. शाळेचं ॲप आहे, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही, मी मुलांच्या डायरीत लाल पेनाने लिहिणारी बाई. तिच्या डायरीत लिहिलं: दुसरा अध्याय पूर्ण पाठ करणे. चुकल्यास पहिल्यापासून. पालकांनी लक्ष द्यावे. खाली सही. त्यांनी ती डायरी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. मला त्या वेळी गहिवरून आलं होतं, ते आठवलं की आज स्वतःचीच शिसारी येते.

दोन महिन्यांत मुलगी बदलली. कोणावर हात नाही, उलट उत्तर नाही. आठवड्याला दहा-दहा श्लोक पाठ, उच्चार असे स्वच्छ की मलाच हेवा वाटावा. मी तिला वर्गापुढे उभं करून म्हणायला लावायची. म्हणताना तिची एक सवय होती, प्रत्येक ओळीच्या शेवटी डावा खांदा कानापर्यंत वर जायचा आणि डोळे मिटायचे. मला वाटलं लय पकडते आहे. पोरांना म्हणाले, बघा, याला म्हणतात तल्लीन होणं.

सर एकदा दारात उभे राहून ऐकत होते. नंतर कॉरिडॉरमध्ये मला थांबवून म्हणाले, "बाय, ती पोरगी श्लोक म्हणताना अंग का चोरते?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुमच्या पोरांना चार ओळी पाठ नाहीत सर, म्हणून माझ्या पोरीत खोट काढता?"

"मी खोट नाही काढत. माझा बाप दारू पिऊन यायचा. मला तो खांदा माहितीये."

"तिचे वडील सुपारीसुद्धा खात नाहीत," मी म्हटलं आणि तरातरा निघून गेले. तेव्हापासून त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मी अशीच आहे, कोणी बरोबर असलं की जास्त चिडते.

त्यानंतर आठवड्याभरात ती वर्गात एकदा अडखळली. एका श्लोकातला एक शब्द मागेपुढे झाला. पांढरीफटक पडली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅम, प्लीज डोन्ट राइट इट. प्लीज." मी म्हटलं, "नाटकं पुरेत, यल्ला, चल, डायरी आण." तिने ती दप्तरातून काढायला इतका वेळ लावला की मीच हात घालून ओढून घेतली. लाल पेनाने लिहिलं: आज अडखळली. पाठांतर कच्चे. लक्ष द्यावे.

पुढचे तीन दिवस ती शाळेत आली नाही. व्हायरल असेल म्हणून मी सोडून दिलं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात ती दोघं. वडिलांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, चेहरा नुसता फुललेला. तिची आई कुठल्याशा क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती, शनिवारी तिची ड्युटी. मुलीचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"अगं बाई, हे काय झालं?"

"जिन्यात पडली," वडील म्हणाले. "धांदरटच आहे. पण मॅडम, पेढे घ्या आधी. काल रात्री अख्खा अध्याय म्हणाली. बहात्तरच्या बहात्तर. तुमचे आशीर्वाद. म्हटलं शनिवारच्या पठणाच्या आधी तुम्हाला ऐकवावा."

माझा नवरा पेपर बाजूला ठेवून कौतुकाने बसला. मुलगी हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि तिने सुरू केलं. तिच्याकडे बघवत नव्हतं. ओठ फुटलेला होता, त्याच्यावर लिपस्टिक लावली होती, बापाने की तिने, कोण जाणे. आवाज मात्र घंटेसारखा. शरीर मारलं तरी आतला मरत नाही, तो भाग आला तेव्हा वडिलांनी डोळे मिटून मान डोलावली. मी मोजत होते. चाळीस झाले, पन्नास झाले. छप्पन्नाव्याला तिची जीभ अडली.

मुलगी दोन सेकंद थांबली. मग तिने आपणहून आमच्याकडे पाठ केली, धड हाताने मानेवरचे केस पुढे घेतले, खाली वाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

कुर्त्याच्या मागच्या गळ्यातून मला तिची पाठ दिसली. बेल्टचे वळ होते. जुने पिवळे पडलेले, त्यांच्यावर जांभळे, त्यांच्यावर लाल. मानेखाली बकलाने कातडी सोललेली होती. ती पाठ वाकवून, मार पडायची वाट बघत, श्लोक म्हणत होती.

"बघा मॅडम," वडील हळू आवाजात मला म्हणाले, "आता सांगावंसुद्धा लागत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना मारलं. एक थोबाडीत मारली असती तर किती छान दिसलं असतं, पण तसं नाही झालं, मी मारत सुटले. पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या तोंडावर फेकला, चष्मा फुटला. बांगड्यांनी गाल ओरबाडला गेला. ते चपलांच्या स्टँडवर पडले तरी मी थांबले नाही, त्यांचीच चप्पल उचलली आणि डोक्यात, खांद्यावर, जिथे मिळेल तिथे हाणत राहिले. "नालायका! पोर आहे का जनावर? पोर आहे का जनावर?" नवरा मागून कमरेला धरून ओढत होता, मी त्याच्याही हाताला चावले. आणि खोटं का बोलू, त्या मारण्यात मला सुख वाटत होतं.

त्यांनी एकदाही हात वर केला नाही. गालावरचं रक्त पुसत खालूनच म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम. असंच. वेळेला असंच करावं लागतं. तुम्हीच तर शिकवलंत." हे टोमण्याने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो माणूस मनापासून म्हणत होता.

मी मुलीकडे वळले. तिला जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले. हातात अजून चप्पल होती, माझ्या लक्षातच नव्हतं. ती किंचाळली. मागे सरकत गेली आणि त्याच माणसाच्या मागे, चपलांच्या ढिगात, अंग मुडपून बसली. प्लास्टरचा हात डोक्यावर धरला होता. आणि श्लोक चालूच होते, बारीक आवाजात, पहिल्यापासून.

फोन मीच केला. इथला कायदा शिक्षकाला असलं काही बघून गप्प बसू देत नाही, पण कायदा नसता तरी केला असता, एवढं तरी मला स्वतःबद्दल म्हणू द्या. आधी सरांना लावला. अबोला अजून चालूच होता, तरी पहिल्या रिंगला उचलला त्यांनी. मी रडत काहीबाही बोलत होते. ते म्हणाले, "बाय, रडू नंतर. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठवतो, आत्ता लाव. पोरीला त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये जाऊ देऊ नको." मी लावला. अर्ध्या तासात दोन बायका आणि एक पोलीस आले.

वडील शांतपणे त्यांच्याबरोबर गेले. माझ्यावर ते तक्रार करू शकत होते, तो गाल पुरेसा पुरावा होता. केली नाही. "मॅडम गुरू आहेत," म्हणाले. त्या वाक्याने मला जेवढं मारलं तेवढं त्यांच्या हातानेसुद्धा मारता आलं नसतं.

मुलीचा जबाब त्याच दुपारी त्या दोन बायकांच्या ऑफिसात झाला. एक अरब बाई विचारत होती, एक केरळी बाई हिंदीतून मदत करत होती, पण मुलगी इंग्रजीतच बोलली. मी बाहेरच्या खुर्चीवर होते. दार पुरतं लागत नव्हतं. तोवर तिची आई धावत आली होती आणि आत तिच्याशेजारी बसली होती. मनगट कसं मोडलं ते मुलीने सांगितलं. बेल्ट किती दिवस, किती वेळा, तेही सांगितलं, न अडखळता.

मग त्या बाईने विचारलं, "तुला कोणाची भीती वाटते? घाबरू नको. तू ज्यांची नावं घेशील ते तुझ्याजवळ येणार नाहीत."

"पापा," मुलगी म्हणाली. "अँड मॅम."

बाईने पुन्हा विचारलं, कोण मॅम, ज्यांनी फोन केला त्या? मुलगी म्हणाली, "येस. शी रोट इट."

मला आत बोलावलं नाही. केरळी बाई कागद घेऊन बाहेर आली. चेहऱ्यावर अवघडलेपण होतं बिचारीच्या. हिंदीत म्हणाली, मॅडम, तुमच्यावर काही केस नाही, फक्त मुलीने मागितलंय की तुम्ही तिला शिकवू नये, तिच्याशी बोलू नये, समोर आलात तर थांबू नये. तुम्हाला मान्य असेल तर इथे सही करा. नसेल तर तुमचं म्हणणं लिहून द्या.

म्हणणं खूप होतं. मी सही केली आणि ती बाहेर यायच्या आत जिन्याने खाली गेले.