तिसऱ्या रांगेपलीकडचा दरवाजा

आखातातल्या अर्दियात गोदाम सांभाळणाऱ्या चारुताला बहुतेक सगळे 'मॅडम' म्हणत. पेपर कप, फॉइलचे डबे, हॉटेलांना लागणारं प्लास्टिक असा माल तिथं यायचा आणि तो कुठल्या रॅकवर किती आहे हे तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. मात्र ही बाई संध्याकाळी रिग्गईतल्या फ्लॅटवर जाऊन भुयारं आणि तळघरं लिहीत बसते, याचा तिथं कुणाला पत्ता नव्हता.

सुरुवात तिची मुलगी स्पृहा हिच्यामुळे झाली. शुक्रवारी तिच्या मैत्रिणी जेवणाच्या टेबलाभोवती फासे घेऊन जमायच्या. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. 'तुम्ही दार ढकलता. आत ओल्या राखेचा वास आहे...' असं ती सांगणारी वाचून दाखवायची आणि मग पुढं काय करायचं ते बाकीच्यांनी ठरवायचं. एकदा स्पृहा म्हणाली, "आई, जस्ट वन रूम लिहून दे ना. माझ्या सगळ्या रूम्स सेम वाटतात." चारुतानं एक खोली लिहिली. मग दुसरी. दोन वर्षांत परदेशातल्या एका छोट्या प्रकाशनानं तिच्या चाळीसेक खोल्या आपल्या खेळांच्या पुस्तिकांत घेतल्या. नवरा देवेंद्र बँकेतल्या मित्रांना सांगायचा, "आमची ही खोल्या बांधते, विटा न लावता."

तिची एक सवय होती. पायाखालून गेलेली जागाच तिला लिहिता यायची. नाशिकची शाळा, फिंतासमधल्या इमारतीचा जुना जिना, असलंच काही घ्यायची आणि पावलं मोजून कागदावर उतरवायची. त्या उन्हाळ्यात तिनं मिठाच्या व्यापाऱ्याचं तळघर लिहिलं, ते सरळ गोदामावरून. रॅकच्या जागी मिठाची पोती आली, फोर्कलिफ्टच्या जागी साखळदंडातलं जनावर. खेळणाऱ्यांना पळायला वाट हवी, म्हणून डाव्या भिंतीत, पोत्यांच्या तिसऱ्या रांगेपलीकडं तिनं एक बुटका दरवाजा घातला. त्या दरवाजापर्यंत नेणारा उतारा काही जमेना. आठ वेळा लिहिला. कणीक मळताना मोठ्यानं म्हणून पाहिला, अर्दियाच्या सिग्नलला गाडीत म्हणून पाहिला. शेवटी जमला तेव्हा तो तिला तोंडपाठ झाला होता.

ऑगस्टमधली दुपार होती, दोन वाजून गेलेले. शटरजवळ फोर्कलिफ्ट चार्ज करायचा पॉइंट होता, तिथं आधी जळका वास आला, मग फट् असा आवाज झाला आणि दिवे गेले. रॅपिंगच्या प्लास्टिकनं पेट घेतला तसा काळा, चिकट धूर छताला लागून आत पसरू लागला. ऑफिसातले चौघे पळत बाहेर आले. फोर्कलिफ्ट चालवणारा नूरी खोकत खोकत बाहेर येऊन फुटपाथवर बसला. चारुतानं माणसं मोजली, परत मोजली.

"मारिया कुठंय?"

मारिया सावंतवाडीची, पॅकिंगला नवी लागलेली. तिला येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. पॅकिंगची खोली सगळ्यात मागं होती आणि शटर सोडून दुसरी वाट तिला अजून कुणी दाखवली नव्हती. दाखवायचं काम चारुताचं होतं. उद्या दाखवू, परवा दाखवू, असं करत ते राहून गेलं होतं.

एकानं एकशे बाराला फोन लावला. चारुतानं मारियाला लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"ताई, माका काय दिसणा नाय. धूर इलो हय."

"मारिया, ऐक. खाली बस. ओढणी तोंडाला लाव. पॅकिंगच्या दारात आहेस का?"

"होय."

"शटरकडं येऊ नकोस, तिकडं आग आहे. मागून बाहेर पडायला वाट आहे. मी सांगते तसं कर."

चारुतानं डोळे मिटले. गोदाम जसंच्या तसं समोर आलं. आवाज आपोआप शांत झाला, संथ झाला. "दारातून डावीकडं वळ. डावा हात भिंतीवर ठेव आणि रांगत जा. हात उचलू नकोस. कोपरा येईल. कोपऱ्यात वळलीस की भिंत धरूनच पुढं. उजवीकडं रॅकच्या रांगा लागतील, त्या मोज. तिसरी रांग ओलांडलीस की हाताला दरवाजा लागेल. बुटका आहे."

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. गुडघे फरशीवर घासत होते, मध्येच खोकला. "कोपरो इलो," मारिया म्हणाली. मग, "एक." आणि बऱ्याच वेळानं, "दोन."

"छान. असंच ये."

"तीन. ताई, हय नुसती भिंत आसा."

"अजून थोडी पुढं. हात खाली ने, दरवाजा बुटका आहे."

"नाय हो. भिंतच आसा." आता ती रडत होती.

नूरीनं मान वर केली. त्याचे डोळे लालभडक झाले होते. "मॅडम, लेफ्ट में कौनसा दरवाजा? उधर तो कुछ नहीं है. दरवाजा पीछे है, कूलर के पास."

बुटका दरवाजा, त्याची गंजलेली कडी, उंबऱ्यावर सांडलेलं मीठ हे सगळं तिला लख्ख दिसत होतं, आणि ते सगळं तिनंच केलेलं होतं. खरा दरवाजा पॅकिंगच्या खोलीतून बाहेर पडलं की उजवीकडं, मागच्याच भिंतीत होता. गेली सहा वर्षं ती त्याच्यावरून रोज जात होती. मारिया आगीच्या दिशेनं अर्धं गोदाम पार करून आली होती, केवळ तिच्या शब्दावर.

खरं सांगितलं तर ही पोरगी घाबरून तिथंच बसेल, असं क्षणभर तिच्या मनात आलं. दुसऱ्या क्षणी तिनं ते बाजूला सारलं.

"मारिया, मी चुकले. तिथं दरवाजा नाही. तुझी काही चूक नाही, माझी आहे. आता मागं फिर. उजवा हात भिंतीला लाव."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "मगे खंय जाव?"

"आलीस तशीच कोपऱ्यापर्यंत परत जा. हात भिंतीवरच. मी फोन ठेवत नाही." तिनं फोनवर तळवा धरला. "नूरीभाई, पीछे गली में दरवाजे के सामने लकडी के खाली पॅलेट रखे हैं. जाओ, हटाओ." नूरी उठला आणि खोकतच धावला. त्याच्यामागं ऑफिसातले दोघे गेले.

"कोपरो," मारिया म्हणाली. शब्द आता तुटक येत होते.

"वळ. पुढं भिंत संपेल, ती तुझी पॅकिंगची खोली. दार ओलांड, आत जाऊ नकोस. परत भिंत धर. मग टॉयलेटचं दार लागेल, ते गुळगुळीत आहे. त्याच्यापुढं पाण्याचा कूलर, हाताला गार लागेल."

ती एकेक गोष्ट उलटून-पालटून पाहत होती. टॉयलेट खरंच तिथं आहे ना? कूलर गेल्या महिन्यात हलवला होता का? हलवला असेल तर आपल्याला कळलं असतं ना? आपल्याच डोक्यावरचा तिचा विश्वास उडाला होता आणि तरी बोलणं थांबवायची सोय नव्हती.

फोनवर काहीतरी आपटलं.

"मारिया?"

उत्तर नाही.

"मारिया, हाताला काय लागतंय ते सांग."

कितीतरी वेळानं आवाज आला. "गार."

"तिथंच उभी राहा. कूलरला लागूनच दरवाजा आहे, त्याला छातीएवढ्या उंचीवर आडवा दांडा आहे. सगळं अंग टाक त्याच्यावर."

फोन बंद झाला. चारुता गोदामाला वळसा घालून धावली. चप्पल वाटेतच कुठंतरी सुटली आणि तापलेल्या डांबरानं तळवे पोळले, ते तिला संध्याकाळी कळलं. गल्लीत शेवटचं पॅलेट बाजूला पडलं होतं, दार उघडं होतं, नूरीनं मारियाला काखेत धरून बाहेर ओढलं होतं. तिचा चेहरा काजळीनं काळा झाला होता. ती ओकत होती, पण जिवंत होती. बंब त्यानंतर तीन मिनिटांनी आला.

मारिया चार दिवस इस्पितळात होती. दुसऱ्या दिवशी चारुता भेटायला गेली आणि खुर्चीवर बसून तिनं सगळं सांगितलं. फासे, खोल्या, मिठाचं तळघर, आठ वेळा लिहिलेला उतारा. मारियानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"म्हणजे तो दरवाजो तुमच्या गोष्टीतलो?"

"हो."

मारियानं भिंतीकडं तोंड फिरवलं. चारुता आणखी अर्धा तास बसली आणि घरी आली. त्या रात्री तिनं प्रकाशनाला ईमेल करून तळघर परत मागवलं. स्पृहानं विचारलं, "बट व्हाय? इट वॉज युअर बेस्ट वन." चारुतानं तिलाही सगळं सांगितलं. स्पृहा शेजारी येऊन बसली.

गोदामाचा पुढचा भाग दुरुस्त व्हायला दीड महिना लागला. मधल्या काळात चारुतानं एक ओळसुद्धा लिहिली नाही. मारिया नोकरी सोडेल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती पहिल्याच दिवशी वेळेवर आली, डबा ठेवला आणि सरळ चारुताच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ताई, त्या दिवशी तुमी 'चुकले' म्हणालात, म्हणान मी परत फिरलंय. नुसता 'हय नाय, थंय जा' म्हणाला असतात, तर हललंय नसतंय." ती जरा थांबली. "माका राग आसा. अजून आसा. पण माका ती वाट दाखवा. डोळे मिटून."

दोघी पॅकिंगच्या दारात गेल्या. मारियानं ओढणी डोळ्यांवर बांधली आणि उजवा हात भिंतीवर ठेवला. चारुता तिच्यामागून चालली, एक शब्दही न बोलता. गुळगुळीत दार आलं, गार कूलर आला, मग दांडा. मारियानं तो दाबला, दार उघडलं आणि गल्लीतली गरम हवा दोघींच्या अंगावर आली.

मारियानं ओढणी सोडली नाही. ती तशीच मागं वळली.

"आणखी एकदा," ती म्हणाली.