चिंग मिंगच्या टेकडीवरचा किसन

आमचे मालवाहू जहाज हाँगकाँगच्या बंदरात शिरत होते. धुके विरळ झाले आणि समोर एक टेकडी दिसली. शेताला घालतात तसे तिला वरपासून खालपर्यंत बांध घातलेले, आणि प्रत्येक बांधावर माणसेच माणसे. जागोजागी धूर निघत होता. मला वाटले आग लागली आहे आणि लोक विझवायला धावले आहेत. कठड्याशी माझ्याजवळ आमच्या जहाजाचा सुतार चुंग उभा होता. तो हसला.

"आग नहीं रे. चिंग मिंग है. आज सब आदमी अपना मुर्दा लोग से मिलने जाता है."

चिंग मिंग म्हणजे वाडवडिलांची थडगी झाडून-पुसून त्यांना जेवण दाखवण्याचा वर्षाचा सण. चुंग चिनी खरा, पण जन्मला आणि वाढला कलकत्त्यात. त्याची हिंदी तिकडची आणि माझी जालन्याच्या मोंढ्यातली. मी इंजिनखोलीत तेलपाणी बघायचो. फावल्या वेळात आम्ही दोघे एकमेकांच्या हिंदीची टर उडवत असू.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. जालना तेव्हा वेगळा जिल्हाही झाला नव्हता. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावातून दोनच पोरे जहाजावर गेली होती, मी आणि माझ्या शेजारचा किसन. आम्ही वेगवेगळ्या जहाजांवर होतो. किसन याच बंदरात काविळीने आजारी पडला, त्याला इस्पितळात ठेवून त्याचे जहाज पुढे निघून गेले आणि तो तिथेच वारला. पुरले एवढेच घरी कळले. त्यानंतर बरीच वर्षे गेली. माझ्या जहाजाला हाँगकाँगची फेरी मिळाली तेव्हा त्याची आई गंगामावशी मला सोडायला तीर्थपुरीच्या एसटी थांब्यापर्यंत चालत आली.

"नाम्या, तिकडं चालला हाईस तर माझ्या किसनला हुडिक. कुठं ठिवलाय बघ. आन जमलं तर घिऊन ये. आपल्या रानात ठिवू."

"मावशी, इतक्या वर्सांनी काय ऱ्हायलं आसंल?"

"जे आसंल ते आन. मला वळखू येतंय माझं लेकरू."

मी हो म्हणालो. छप्पन साली आम्ही धम्मदीक्षा घेतली. त्याआधी आमच्यात बहुतेकांना मातीच देत. त्यामुळे किसनला पुरले याचे मावशीला वाईट वाटले नव्हते. तो दुसऱ्याच्या मातीत आहे, एवढेच तिला सलत होते.

किसनच्या जहाजावरच्या एकाने मला सांगून ठेवले होते, की गोदीमागच्या गल्लीत पेज विकणारी एक बाई आहे, तिला सगळे माहीत आहे. चुंगला घेऊन मी तिथे गेलो. गल्लीत दोन्ही बाजूंना वाळवलेले मासे टांगलेले होते आणि पाय घसरेल इतकी ओल होती. बाई सापडायला वेळ लागला नाही. तिला सगळे मेई-जे म्हणत (जे म्हणजे ताई). बुटकी, साठीच्या आतबाहेरची, काळा सदरा घातलेली. ती दुकान बंद करून परड्या बांधत होती. मी किसनचा फोटो पुढे केला. तिने तो पाहिला, मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि चुंगवर बरसली.

"क्या बोलती?" मी विचारले.

"बोलती, इतना साल किधर था? रास्ता भूल गया था क्या?" चुंगने सांगितले. "और बोलती, आया तो बराबर दिन पे आया. चलो, परडी उठाओ."

मी परडी उचलली आणि जवळजवळ टाकूनच दिली. आत एक अख्खे भाजलेले डुकराचे पिलू होते. लाखेच्या बांगडीसारखे लाल आणि तकतकीत, कान जसेच्या तसे. चुंग म्हणाला, "डरो मत, काटेगा नहीं."

टेकडीकडे जाणाऱ्या बसमध्ये जत्रेची गर्दी होती. प्रत्येकाच्या मांडीवर कोंबडी, संत्री, उसाची कांडी, कागदाचे गठ्ठे. कोणी रडत नव्हते. वर पोहोचल्यावर पाहिले तर लोक थडग्यांवरचे गवत उपटत होते, दगडावरची पुसट झालेली अक्षरे लाल रंगाने गिरवत होते. कागदाचे शर्ट, कागदाचे जोडे, कागदी नोटा पेटवून मेलेल्यांना पाठवणे चालू होते. एका म्हाताऱ्याने सिगारेट पेटवली, एक झुरका घेतला आणि ती दगडाच्या कडेला ठेवून दिली. ती बापासाठी होती. आणि मग हीच माणसे थडग्यांवर फतकल मारून डुक्कर तोडून खाऊ लागली, हसू लागली. स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाण्याला शिवत नाही. माझी मान आपोआप खाली गेली.

किसनची जागा वरच्या बांधावर होती. लहानसा दगड, त्यावर चिनी अक्षरे आणि त्याचा ओळखपत्रावरचा फोटो. किसन आजारी असताना मेई-जेने रोज जुक (तांदळाची पातळ पेज) इस्पितळात नेली होती. तिच्या दुकानाचे जड हंडे तो बंदरात आला की उचलून द्यायचा, एवढीच ओळख. तो गेल्यावर कोणी पुढे येईना, तेव्हा नातेवाईक म्हणून तिने अंगठा दिला.

"जिसका कोई नहीं, उसको सातवाँ महीना में रास्ते पे खाना देते हैं," चुंग म्हणाला. "भूखा भूत लोग का त्योहार. ये बोलती, हमारा किसन उस लाइन में नहीं खड़ा होगा. इसका घर है."

दगडापाशी कुदळ घेतलेला एक माणूस बसला होता. मेई-जेने त्याला खूण केली. त्याने दगड बाजूला सारला आणि खणायला लागला.

"ये क्या कर रहा है?"

"निकालेगा. इधर जमीन हमेशा का नहीं मिलता. कुछ साल बाद हड्डी निकालो, साफ करो, काम ताप में रखो." काम ताप म्हणजे सोन्याचा बुरूज, नाव सोन्याचे, वस्तू म्हणजे मातीचा तपकिरी रांजण. तो शेजारी तयारच होता.

एवढ्यात धुके पूर्ण हटले आणि ऊन पडले. मेई-जेने काळी छत्री उघडून माझ्या हातात दिली. घरच्या माणसाने धरायची असते. हाडांना ऊन लागू द्यायचे नसते. मी छत्री धरली. फळ्या निघाल्या. खाली चहाच्या रंगाची हाडे होती. त्या माणसाने कवटी वर काढली आणि मला पुढचा अर्धा तुटलेला दात दिसला. शाळेच्या मागच्या चिंचेवरून पडून किसनने तो तोडून घेतला होता, मी खाली उभा होतो.

माझ्या हातून छत्री सुटली. मी बांधाच्या भिंतीआड जाऊन ओकलो आणि तिथेच बसून राहिलो. वाकून पाहिले तेव्हा छत्री चुंगच्या हातात होती आणि मेई-जे मांडी घालून एकेक हाड दारूत भिजवलेल्या फडक्याने पुसत होती. पुसताना ती त्याच्याशी बोलत होती, सारखी, रागावल्यासारखी. आधी पायाची हाडे रांजणात गेली, मग मांड्या, कंबर, बरगड्या. मेलेला माणूस आत उकिडवा बसला पाहिजे. सगळ्यांत वर डोके.

मग तिने रांजण दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीपाशी येऊन माझ्यापुढे धरला.

"बोलती, ले जाओ," चुंग म्हणाला. "तुम्हारा आदमी है. घर जाने दो."

मी रांजणाकडे पाहिले, मग चुंगकडे. म्हणालो, "उसको बोलो, जला देंगे. राख ले जाता हूँ."

चुंगने ते सांगितले तेव्हा आजूबाजूच्या थडग्यांवरचे लोकही वळून बघू लागले. मेई-जेचा चेहरा पांढरा पडला.

"बोलती, जलाना तो लावारिस को. इतना साल संभाला, अब जला देगा?"

"तो एक हड्डी देने को बोलो. छोटा सा. जेब में डाल के ले जाता हूँ."

"एक कम हुआ तो उधर लंगड़ा चलेगा. पूरा ले जाओ." चुंगने आवाज खाली आणला. "जहाज का डर है? मेरे औजार का पेटी में रखेगा. कोई नहीं देखेगा. कप्तान का बाप भी नहीं."

मी नको म्हणून मान हलवली. मेई-जेने पुन्हा काहीतरी विचारले.

"पूछती, उसका माँ है?"

"है."

"तो?"

मी रांजणाला हात लावला नाही.

तिने रांजण मागे घेतला. मग रांजण पुढच्या बांधावर, समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या रांजणांच्या ओळीत नेऊन ठेवला, झाकण घातले, दारूचे तीन पेले ओतले. पेजेचा वाडगा ठेवला. माझ्याही हातात मांसाचा तुकडा दिला. तो मला खाता आला नाही. उतरताना चुंग एवढेच म्हणाला, "पेटी में जगह था रे." त्यानंतर त्या फेरीत त्याने माझ्या हिंदीची टर उडवली नाही.

गावी पोहोचलो तेव्हा मावशी माझ्या दारातच बसली होती. मी तिला टेकडी सांगितली, सण सांगितला, रांजण सांगितला. हाडे पुसल्याचे ऐकूनही ती उठली नाही. सगळे ऐकून घेतल्यावर तिने माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिले.

"मंग आनला का न्हाईस?"

"त्या बाईनं दिला न्हाई," मी म्हणालो.

मावशीने पिशवी घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाली, "तिचाबी जीव गुतला आसंल. पर दुसरीचं लेकरू आसं ठिवून घ्यावं का?"

हे वाक्य ती मरेपर्यंत बोलत राहिली. बारशाला, लग्नाला, विहारात, कोणी विषय काढला की. गावातल्या बायका त्या चिनी बाईला दगडाच्या काळजाची म्हणत आणि मी ऐकत असे. मी त्या शहरात पुन्हा कधी गेलो नाही. एवढे समुद्र पाहिले, पण कोणी परदेशाची गोष्ट विचारली की टेकडी सोडून बाकीचे सांगायचो. माणसे थडग्यांवर बसून जेवतात याचा तेव्हा मला केवढा धक्का बसला होता. आता वाटते, ते आपल्या माणसांजवळ बसले होते, आणि तिथे पळून गेलेला मी एकटाच होतो.

मावशी आता नाही. तिच्या तोंडून ही गोष्ट ऐकलेल्या बायका मात्र गावात आहेत, त्यांच्या लेकी-सुना आहेत. त्यांनी ऐकावे म्हणून लिहितो. मेई-जेने किसनला ठेवून घेतले नाही. तिने तो दिला होता, पुरा दिला होता. मी घेतला नाही.